महिपतीच्या हातची भाजी

कन्हेरीच्या महिपतीला तणं जेवढी नावानिशी ओळखू येत, तेवढे स्वतःचे पाहुणे ओळखू येत नसत. लग्नात कोणी समोर येऊन "वळखलं का?" म्हणालं, की गडी नुसता हसून मान हलवायचा. पण उसाच्या सरीत नखाएवढं रोप वर आलेलं दिसलं, की उभ्या उभ्या सांगायचा: ही घोळ, ही चिवळ, हा तांदुळजा, ही पाथरी, आणि ही जी चिवळीसारखी दिसतेय ती चिवळ नव्हे, दुधी आहे, देठ मोडून बघा, पांढरा चीक येईल. ही विद्या त्याला कोणा वैद्याकडून मिळाली नव्हती. ती तणं मारून मारून मिळाली होती. बावीस वर्षं महिपतीनं पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या उसात तणनाशक फवारलं. ज्याला मारायचं त्याची ओळख पक्की असावी लागते. कोणतं तण दोन पानांवर असताना मरतं आणि कोणतं चार पानांवर गेलं की अख्खी बाटली ओतली तरी टवटवीत उभं राहतं, हे त्याला तोंडपाठ होतं.

काम एकदम चोख. सरी सोडायचा नाही, उसाच्या पानावर थेंब पडू द्यायचा नाही. फवारलेल्या रानाच्या चारी कोपऱ्यांवर उसाच्या वाळक्या पाचटाची गाठ मारून ठेवायचा, म्हणजे वैरणीला आलेल्या बाया तिथलं गवत कापणार नाहीत. ही गाठ त्याची स्वतःची. कोणी सांगितली नव्हती आणि त्याबद्दल कोणी शाबासकीही दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन बघायचा, तणांनी माना मुरडल्या का. मुरडल्या असतील तर औषध लागलं. आपल्याकडे विषालाही औषध म्हणतात, त्याला महिपती तरी काय करणार?

शेतकऱ्यांना तो हवा असायचा, पण रानातच. पंगतीत नको. हे त्याच्या ध्यानात यायला उशीर लागला, कारण तो मुळात सरळ माणूस. चुलतभाऊ लखन याच्या घराची वास्तुशांत होती. भावकीतला माणूस म्हणून महिपतीनं आमटीची बादली उचलली आणि पहिल्या ताटाकडं वाकला. लखननं हसत हसत बादली त्याच्या हातातून काढून घेतली. "दादा, तू बस. दमला असशील." महिपती दमला नव्हता. मग त्याला आठवायला लागलं. बारशात, जावळात, यात्रेच्या जेवणात, सगळीकडं त्याला कोणी ना कोणी 'तू बस' म्हणालेलं होतं. तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं. खेड्यात असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत, बादली काढून घेतात.

त्याची बायको सारजा हिला याचा फार राग यायचा. "त्येंच्या उसात जाऊन मारलं ते चालतं, आन् ताटात डाळ वाढली की इटाळ व्हय?" असं ती भाकरी थापता थापता जोरजोरात म्हणायची. हात धुतले, लिंबू चोळलं, राख लावली, तरी नखांच्या कडेला तो वास राहतो, हे महिपतीला स्वतःलाच माहीत होतं. त्याची इच्छा अगदी साधी होती, आणि म्हणूनच ती कोणाला सांगायची त्याला लाज वाटायची. एकदा पंगतीत आपण वाढावं आणि समोरच्या माणसानं मनात काही न आणता ते खावं, एवढंच.

मग पाठ गेली. दिवाळीनंतर एका सकाळी पंप खांद्याला लावून उठायला गेला आणि उठलाच नाही. बारामतीच्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो बघितला आणि सांगितलं, आता पंप कायमचा खाली. पुढचे उपचार स्वरूपाकडं. स्वरूपा ही बारामतीत फिजिओथेरपी करणारी, तिशीतली मुलगी. बाप मंडईत वांगी-टोमॅटो पाठवणारा, त्यामुळं शेतकऱ्यांच्या पाठी तिला लहानपणापासून माहीत. ती योगही शिकवायची. पहिल्याच दिवशी तिनं महिपतीला चटईवर आडवं केलं, दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या, मानेखाली घडी केलेली चादर सरकवली आणि म्हणाली, "तात्या, आता काही करायचं नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे काहीच नाही. पडून राहायचं."

महिपती चक्रावला. जन्मात त्याला कोणी असलं काम सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत तो घोरायला लागला, आणि पलीकडच्या खोलीतल्या पेशंटनी ट्रॅक्टर आला की काय म्हणून दार उघडून बघितलं. पण माणूस खरंच सुधारला. संक्रांतीपर्यंत त्याची पाठ सरळ झाली. आता प्रश्न असा होता की सरळ पाठीचं करायचं काय?

पळसदेवला स्वरूपाच्या मामांची, संभाजीरावांची, पेरूची बाग आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला उजनी धरणाचं पाणी मागं सरकतं, त्यात बुडालेलं जुनं देऊळ वर यायला लागतं, बागेत दिवसभर पाखरांचा कलकलाट असतो. त्या दिवसांत स्वरूपा तिथं तीन-तीन दिवसांची शिबिरं भरवते. पुण्याची, बारामतीची थकलेली माणसं येतात, आंब्याखाली गोधड्या अंथरतात, गुडघ्यांखाली लोड, डोळ्यांवर मऊ पट्टी, आणि निवांत पडतात. हाही योगच. अंगाला पीळ द्यायचा नाही, आधार देऊन त्याला सैल सोडायचं. पहिल्या वर्षी गावातली माणसं बांधावर उभी राहून बघत. "आरं, ह्येंच्या घरी खाटा न्हाईत का?" असं विचारत. हसणाऱ्यांनी हसावं. त्यातले निम्मे आता कंबर धरून स्वरूपाच्या दवाखान्यात रांगेत बसतात.

माघातल्या शिबिराला स्वरूपानं महिपतीलाही नेलं, पेशंट म्हणून. सकाळी सगळे बागेतून फिरत असताना सोनल नावाच्या पुण्याच्या बाईनं, ती कॉम्प्युटरवर बसून बसून मान आखडलेली, पायाखालचं एक रोप दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"पाथरी."

"खातात?"

"खात्यात की. कच्ची बी खात्यात. माझी आई भाकरीसंगं खायाची."

"आणि तुम्ही?"

"मी मारतो," महिपती म्हणाला.

सगळे हसले. महिपती हसला नाही. पण पुढच्या तासाभरात त्यानं त्या वीसेक माणसांना अकरा भाज्या दाखवल्या, कोणती कशासारखी दिसते आणि दोघींतला फरक कसा ओळखायचा तेही सांगितलं. लोक आपल्या तोंडाकडं बघतायत, आपल्या पंपाकडं नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

स्वरूपानं ते बघून ठेवलं. चैत्रातल्या शिबिराच्या आधी तिनं त्याला बोलावून घेतलं. "तात्या, शेवटच्या दिवशी तुमची फेरी ठेवलीय. तुम्ही दाखवायचं, सगळ्यांनी खुडायचं. सारजाकाकींनी करायचं." आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाली, "आणि वाढायचं तुम्हीच."

घरी जाऊन महिपतीनं हे सारजाला दोनदा सांगितलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "कापडं कंची घालणार?"

संभाजीरावांना मात्र हा बेत पसंत नव्हता. ते मोठे बागायतदार, कारखान्याचे जुने सभासद, आडव्या अंगाचे. शिवारात त्यांना कोणी नाही म्हणत नसे. महिपतीनं त्यांच्या उसात सहा-सात हंगाम फवारणी केलेली. "स्वरूपा, इष मारणारा माणूस पाव्हण्यांना पाला खाऊ घालणार?" असं ते महिपतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "कुणाच्या पोटात दुखलं तर नाव कुणाचं जाईल? माझं."

"मामा, कुठं विष आहे आणि कुठं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?" स्वरूपा म्हणाली.

संभाजीराव बागेकडं चालते झाले. पण पटलं म्हणून माघार घेण्यातले ते नव्हते.

महिपती शिबिराच्या चार दिवस आधीच पळसदेवला जाऊन राहिला. बांधाबांधानं हिंडला. कोणत्या रानात कधी, काय मारलं, हे प्रत्येक मालकाला विचारलं. निम्म्या रानांचं तर त्याला स्वतःलाच ठाऊक होतं. शेवटी त्यानं एकच तुकडा पक्का केला. बागेच्या उगवतीला, विहिरीच्या पाटाकडेला तीन वर्षं पडीक पडलेलं अर्धा एकर. पाटाच्या ओलीवर तिथं घोळ, तांदुळजा आणि पाथरी मातली होती. तिथं औषधाचा थेंब पडलेला नव्हता.

शेवटच्या दिवशी सकाळी बावीस माणसं टोपल्या घेऊन त्याच्या मागून निघाली. महिपतीनं पांढरा सदरा घातला होता, इस्त्रीचा. पुन्हा आलेल्या सोनलनं पहिल्या पाच मिनिटांत घोळीऐवजी वसू खुडली आणि महिपतीनं ती न रागावता काढून टाकली. "आवं, ही फसवीच हाय. भल्या-भल्यांना फसिवती." शेंडा तेवढा खुडायचा, मूळ उपटायचं नाही, एका जागचं सगळं न्यायचं नाही, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. दहाच्या सुमारास मंडळी परतली. बोटं हिरवी, कपाळावर घाम, आणि चेहरे जत्रेतून आल्यासारखे. सगळ्यांनी ओट्यावर बसून भाजी निवडायला घेतली.

महिपती हौदावर गेला. आज वाढायचं होतं. त्यानं साबण लावून हात धुतले, लिंबू चोळलं, पुन्हा साबण लावला. काडीनं नखं कोरली. पाव तास त्याचं हेच चाललं होतं. शेवटी त्यानं हात नाकाशी नेले. नुसता लिंबाचा वास आला, आणि त्याला इतका आनंद झाला की तो तिथंच हौदाच्या कडेला जरा वेळ बसला.

तो परत आला तेव्हा ओट्यावरची मोठी पाटी शिगोशीग भरलेली होती. आधी त्याला बरंच वाटलं. मग कळेना. एवढी भाजी आपण आणली कुठं होती?

संभाजीराव मिशीवर हात फिरवत उभे होते. "तुज्या भाजीनं पाटी भरायची न्हाय, ह्ये मला ठावं हुतं. बावीस माणसं आन् एवढीशी भाजी? उद्या पुण्याला जाऊन सांगत्याल, पळसदेवात पोटभर वाढलं न्हाय. म्हणून सकाळीच दोन बाया लावून आपल्या कलिंगडाच्या कडंनं दोन पाट्या खुडून आणल्या. घातली भर."

त्यांनी वाईट हेतूनं काहीच केलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पाहुण्याला कमी पडणं ही त्या घरात सगळ्यात मोठी नामुष्की. ते अशी भर घालणारच. बायांनी ती भाजी ओतली, पाहुण्यांनी कालवली, निवडली, आणि आता ही कुठली आणि ती कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

महिपतीनं वरची एक काडी उचलली. तांदुळजा. पानं हिरवीगार, टवटवीत. फक्त शेंड्याची मान एका अंगाला कललेली. त्यानं दुसरी उचलली. तिसरी. चौथीची मान सरळ होती, पाचवीची पुन्हा कललेली. ऊन लागून मलूल झालेलं देठ सगळंच्या सगळं लवतं. हे तसं नव्हतं. ही वळलेली मान त्यानं बावीस वर्षं रोज सकाळी बघितली होती.

सारजानं त्याचा चेहरा बघितला आणि ती चुलीपासून उठून आली. "काय झालं?"

त्यानं काडी तिच्या हातात दिली. ती एवढ्या वर्षांची फवारणीवाल्याची बायको, तिला सांगायला लागलं नाही. तिनं इकडं-तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "थोडंच दिसतंय. धुतलं की जाईल."

"धुऊन न्हाय जात."

"कुणाला कळलंय?" सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजचा एकच दिवस हाय तुमचा."

खरंच होतं. कोणालाच कळलं नव्हतं. बहुधा कोणी आजारीही पडलं नसतं, दोन ढेकर जास्त आले असते एवढंच. बादली समोर होती. हात स्वच्छ होते. तो गप्प बसला असता तर तासाभरात वाढायला लागला असता, आणि ज्याची त्यानं इतकी वर्षं वाट बघितली ते त्याच्या पदरात पडलं असतं. महिपतीच्या मनात हे सगळं आलं. आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. तो साधू नव्हता.

मग तो मोठ्यांदा म्हणाला, "ताई, ही भाजी टाकायला लागंल. सगळी."

ओट्यावरच्या बावीस माणसांचे हात थांबले. सोनलच्या मांडीवर निवडलेल्या पाथरीची जुडी तशीच राहिली.

"सगळी?" स्वरूपानं विचारलं.

"सगळी. माझी बी. कालवलीया आता."

संभाजीरावांचा चेहरा लाल झाला. "माज्या रानात औषध मारलंय म्हणतूस? पाव्हण्यांफुडं? आरं, सून पोटुशी हाय म्हणून दिवाळीपासून माज्या रानात पंप आला न्हाय. देवाशप्पथ!"

"तुमी न्हाय मारलं, आबा. मी कुठं म्हणतोय?" महिपतीनं हात जोडले. "पण तुमच्या रानात आलंय. कलिंगडाच्या मावळतीला खोडव्याचा ऊस कुणाचा?"

"दीपकचा. त्येचा काय संबंध?"

"काल दुपारनं वारं मावळतीचं हुतं. त्येनं वाऱ्यात मारलं आसंल, तर थेंब हितपतुर येत्यात."

"आन् तुला ह्ये काडी बघून कळलं?"

"व्हय."

संभाजीराव असे हसले की त्यापेक्षा शिवी बरी. तेव्हा महिपतीनं दोन तांबे मागवले. दोन्हींत पाणी भरलं. एकात पाटीतल्या मान कललेल्या काड्या घातल्या. दुसऱ्यात घालायला पडिकातून ताज्या काड्या खुडून आणल्या. दोन्ही तांबे त्यानं सावलीत ओट्यावर ठेवले. "जेवणापतुर थांबा. ह्या तांब्यातल्या मुरडल्या न्हाईत, तर ह्यो महिपती पुन्हा तुमच्या बागेत पाय ठेवणार न्हाय."

आता सगळे स्वरूपाकडं बघत होते. भाजी टाकली तर मामांचा भर पाहुण्यांत अपमान, आणि बाग मामांची. नाही टाकली तर बावीस जीव तिच्या भरवशावर. ती महिपतीच्या जवळ आली. "तात्या, खात्री आहे?"

"ताई, मला लई गोष्टींतलं कळत न्हाय," महिपती म्हणाला. "पण ह्या एका बाबतीत माझ्याइतकी खात्री अख्ख्या तालुक्यात कुणाला न्हाय."

स्वरूपानं पाटीचं एक टोक धरलं, महिपतीनं दुसरं. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून त्यानं घरामागच्या परड्यात खड्डा घेऊन भाजी पुरली, वर माती दाबली. संभाजीराव पाठ फिरवून बागेत निघून गेले.

आणि मग सगळ्यांना एकदम भूक लागली. तसं होतंच. अकरा वाजून गेलेले, भाकरीचं पीठ मळलेलं, आणि ताटात घालायला काही नाही. एकजण म्हणाला, हायवेवरून काहीतरी मागवू. सारजानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचं बोललाच नाही. पडिकात पुन्हा जावं तर तिथले शेंडे सकाळीच खुडून झालेले. आणखी खुडले तर मुळावर घाव. महिपती कपाळाला हात लावून आंब्याखाली बसला. पाठ दुखायला लागली तसा स्वरूपानं शिकवल्याप्रमाणं सरळ उताणा पडला, पाय बुंध्याला वर लावले, आणि वर बघत राहिला.

ताडकन उठून बसला. "ताई! पंप पाठीवर आसला की माणूस खालीच बघतो. बावीस वर्सांत मी जमिनीवरच मारलं. झाडावर कधीच न्हाय!"

बागेच्या मावळतीला, दीपकच्या रानाच्याही पलीकडं, माळावर तीन जुन्या चिंचा आहेत. वारं तिकडून इकडं येतं, इकडून तिकडं जात नाही. चैत्र असल्यामुळं चिंचांना नवा पाला फुटलेला, तांबूस-पोपटी, तोंडात टाकला की आंबट रस सुटणारा. विहिरीवरच्या शेवग्याला कोवळी पानं आणि फुलं. माळावरच्या कडुलिंबाला मोहोर. आकड्या घेऊन बावीस माणसं आधी विहिरीवर, मग माळावर गेली आणि जो गोंधळ उडाला तो बघण्यासारखा होता. दोन दिवस डोळ्यांवर पट्टी ठेवून पडलेली माणसं उड्या मारून फांद्या ओढत होती. मान आखडलेली सोनल मान मागं टाकून वर बघत होती आणि ओरडत होती, "काका, ती वरची! ती वरची!" स्वरूपा साडी खोचून शेवग्यावर चढली. महिपती खाली उभा राहून पांघरुणाची झोळी धरून पाला झेलत होता आणि प्रत्येक डहाळी डोळ्यांसमोर धरून तिची मान बघत होता. सगळ्या सरळ.

पण ओट्यावर दोन तांबे होते. समजा, आपलीच नजर चुकली असली तर?

अडीच वाजता जेवण तयार झालं. चिंचेच्या पाल्याची लसूण-मिरची-शेंगदाणे घालून ठेचलेली चटणी, तोच पाला घातलेली आंबट आमटी, शेवग्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून केलेली भाजी, कडुलिंबाचा कुरकुरीत परतलेला मोहोर, आणि सारजाच्या हातच्या गरम भाकऱ्या. आंब्याखाली दोन रांगा बसल्या. महिपतीनं पुन्हा हात धुतले आणि बादलीला हात घालणार, तेवढ्यात संभाजीराव आले.

त्यांच्या दोन्ही हातांत दोन तांबे होते. ते पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि कोणाला काही न बोलता त्यांनी तांबे खाली ठेवले. एकातल्या काड्या ताठ होत्या. दुसऱ्यातल्या काड्या मेंढ्याच्या शिंगासारख्या वळल्या होत्या, देठ पिळवटलेले, पानं उलटी. बघायला आणखी काही उरलं नव्हतं. पंगतीत कोणीतरी "बाप रे" म्हणालं. सोनलनं आपल्या पोटावर हात ठेवला.

"दीपकला फोन केला," संभाजीराव म्हणाले. "काल चार वाजता मारलं म्हणतोय. वारं हुतं म्हणं थोडं."

पुढं काही बोलायचं असावं. जन्मात कधी माफी मागितली नसेल तर ती ऐन वेळी सापडत नाही. त्यांनी चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी, रिकाम्या जागेवर मांडी घालून बसले. ताट पुढं ओढलं. "वाढ, महिपतराव."

राव! महिपतीला एवढ्या वर्षांत कोणी राव म्हटलं नव्हतं. सारजा चुलीपाशी होती, तिनं ते ऐकलं, आणि ती धुराच्या नावाखाली चांगली ढसाढसा रडली.

महिपतीनं वाढलं. पहिल्या ताटात त्यानं इतक्या घाईनं ओतलं की आमटी भाकरीवर सांडली, आणि त्या ताटावरच्या माणसानं ती तशीच भाकरीनं पुसून खाल्ली. दुसऱ्या ताटापासून हात बसला. चौथ्या-पाचव्याला तर तो जुन्या वाढप्यासारखा "घ्या की, लाजू नगा" म्हणायला लागला. कोणी त्याच्या नखांकडं बघितलं नाही. कोणी चटणी हुंगून बघितली नाही. सोनलनं तर बोटं चाटली. महिपतीला वाटलं, आत्ता इथं मरण आलं तरी चालेल, पण पंगत उठल्यावर.

तो संभाजीरावांपाशी तिसऱ्यांदा आला. दोनदा भरभरून वाढलेल्या आमटीचा त्यांनी फडशा पाडला होता. त्यांनी पुन्हा वाटी पुढं केली. "घाल आणखी."

"न्हाय," महिपती म्हणाला.

स्वरूपानं घास तोंडाशीच धरला.

"चिंचेचा कवळा पाला हाय, आबा. सवय न्हाय तुमाला. एका बसणीला ह्याच्या वर झाला तर पोटात मुरडा येईल. उद्या आणखी करू."

संभाजीरावांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी वाटी मागं घेतली, "बरं" म्हणाले, आणि उरलेली चतकोर भाकरी कोरडीच खाल्ली. महिपती बादली घेऊन पुढच्या ताटाकडं वळला.